चालू कंडिशनमध्ये

खामगावात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय करून मी एका जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली लागलो, तेव्हा टेबलावर ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल, टेपरेकॉर्डर आणि क्वचित एखादा व्हीसीआर असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून त्यांत टीव्ही गेमची भर पडली. चपटी प्लास्टिकची पेटी, वायरवाले दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. परीक्षा आटोपल्या की उन्हाळाभर टीव्हींपेक्षा गेमच जास्त यायचे. कुणाचा अ‍ॅडाप्टर जळालेला, कुणाच्या रिमोटचं बटण लागत नाही, कुणी कॅसेट लावली की पडदा नुसता करडा. पोरं दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. गेम हातात पडल्याशिवाय घरी जायची नाहीत.

त्याच गेमांचा संग्रह आता दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. तेव्हाची ती पोरं दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी येतात, आपल्या लेकरांना घेऊन खोलीत डोकावतात आणि विचारतात, "भाऊ, मले पन असं जमवाचं हाय. सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत जे खेळलं गेलं तिथून करा. आणि जे घ्याल ते चालतं ठेवा. या दोन वाक्यांपर्यंत मी कसा पोचलो ते सांगायचं आहे, कारण नव्याने जमवायला लागणाऱ्याला त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे काय खेळलं गेलं, हे आधी समजून घेऊ. निन्टेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झालं. १९८५ पासून तेच यंत्र वेगळ्या पेटीत, एनईएस या नावाने अमेरिकेत गेलं. दोन्ही मिळून सहा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. आतला ऐवज अगदी थोडका. कामापुरती मेमरी दोन किलोबाइट, चित्रांसाठी आणखी दोन. १९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र 'सामुराई' या नावाने भारतातही विकलं गेलं, पण ते मोठ्या शहरांत. माझ्या टेबलावर ते कधी आलं नाही. इथे पोचल्या त्या त्याच्या नकला. तैवानमधल्या यूएमसी या कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांसारख्याच चिपा बनवल्या आणि त्या वापरून तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी वाट्टेल त्या नावाची यंत्रं काढली. रशियात १९९२ पासून हीच नक्कल 'डेंडी' नावाने घरोघर गेली. आपल्याकडे 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'टर्मिनेटर' अशी नावं पेट्यांवर असत. पुढे १ एप्रिल २००१ रोजी सरकारने उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं उठवली आणि चिनी मालाला वाट मोकळी झाली. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या पेट्यांचं प्लास्टिक पातळ होत गेलं आणि किंमत उतरत गेली. तोवर गेम नोकरदाराच्या घरी असे. आता तो देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेतून आणि सैलानीच्या यात्रेतून शेतमजुराच्या घरीही गेला. भाजलेल्या कणसांच्या आणि पाळण्यांच्या गर्दीत ताडपत्रीखाली मांडलेला गेम बापाने पोरासाठी घेतला, आणि चार दिवसांनी बंद पडला म्हणून माझ्याकडे आणला, असं कितीदा तरी झालं.

यंत्र उघडलं की ते कोणत्या काळातलं हे कळतं. जुन्या पेट्यांत चिपा सुट्या असतात, पाठीवर यूए६५२७पी असा छाप दिसतो. नंतरच्या पेट्यांत सगळा कारभार एकाच चिपमध्ये गेला आणि त्या चिपवर काळ्या राळेचा गोल थेंब ओतलेला असतो. सुटी चिप गेली तर दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून काढून बसवता येते. थेंबाखालची गेली की तो बोर्ड संपला. म्हणून सुट्या चिपांचं जुनं यंत्र दिसलं तर ते बंद असलं तरी घ्या, असं मी नव्या संग्राहकाला सांगतो.

माझा संग्रह ठरवून सुरू झाला नाही. दुरुस्तीच्या दुकानात एक टेस्ट कॅसेट लागते. गिऱ्हाइकाचा दोष यंत्रात आहे की कॅसेटमध्ये, हे तिच्याशिवाय कळत नाही. एकीच्या दोन झाल्या. काही लोक गेम टाकून गेले ते परत आलेच नाहीत. पुढे सपाट टीव्ही आले आणि लोक जुने डबे किलोवर घालायला लागले. एकदा भंगारवाल्याच्या हातगाडीवर टीव्हीच्या सांगाड्यांखाली दबलेला एक पूर्ण संच दिसला. बंदूक, दोन्ही रिमोट, खोका, आतला थर्माकोलसुद्धा शाबूत. त्याला विचारलं, "याचं काय करतो?" तो म्हणाला, "फोडाचं भाऊ. तांब्याचा तार निंगते थोडासा." इतकी वर्षं मी जी वस्तू दुरुस्त करत आलो, ती थोड्याशा तांब्यासाठी फुटणार होती. ती मी घेतली. त्या दिवसापासून शोधायला लागलो.

नवा माणूस बहुतेकदा यंत्र आधी घेतो आणि टीव्हीचा विचार नंतर करतो. मी म्हणतो, आधी टीव्ही बघा. हे खेळ पिक्चर ट्यूबसाठी बनलेले आहेत. सपाट टीव्हीवर चित्र दिसतं, पण चौकटी-चौकटींचं दिसतं, आणि बटण दाबल्यानंतर मारिओ उडायला किंचित उशीर लागतो. तो टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःच्या पडद्याच्या मापात बसवतो, मग दाखवतो. बंदूक तर चालतच नाही. बंदुकीतून काही निघत नसतं. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा बसवलेला असतो. 'डक हंट'मध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळोख आणि ठरलेल्या क्षणी उजेड दिसला तरच नेम लागला असं यंत्र मानतं. पिक्चर ट्यूबवर किरण सेकंदाला पंधरा हजारांवर रेषा ओढतो, त्या लयीशी हा डोळा जुळवलेला आहे. सपाट पडद्याला ती लय नाही, आणि त्याचा उजेड उशिरा पोचतो. गिऱ्हाईक "बंदूक खराब हाय" म्हणून घेऊन येतं. मी माझ्या चौदा इंची टीव्हीला जोडून दाखवतो, पहिल्याच गोळीत बदक पडतं.

तेव्हा पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिनची सोय असलेला चौदा किंवा एकवीस इंची रंगीत टीव्ही मिळवा. ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल, कुठलाही चालेल. अशा टीव्हीसाठी लांब जायची गरज नाही. चिखली, मेहकर, मलकापूरकडच्या घरांत ते अजून कोपऱ्यात पडून आहेत. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो: मागचं झाकण स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथेच साठून राहतो. ते काम मेकॅनिकचं. शिवाय ट्यूबच्या काचेत शिसं असतं, म्हणून ती फोडून उकिरड्यावर टाकणं हा जमिनीवर अन्याय आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. मेलेला टीव्ही त्या वाटेनेच जायला हवा. पण चालणारा टीव्ही भंगारात जाणं मला पाहवत नाही.

यंत्र घेताना काय तपासायचं? पहिला अ‍ॅडाप्टर. बहुतेक गेम नऊ व्होल्टवर चालतात, पण पिनमध्ये आत प्लस की मायनस हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. मीटर लावून बघितल्याशिवाय दुसऱ्याचा अ‍ॅडाप्टर जोडू नये. दुसरी रिमोटची वायर. ती रिमोटच्या तोंडाशी आतून तुटते, कारण पोरं गाडी वळवताना रिमोटही वळवतात. तेवढा तुकडा कापून पुन्हा झाळला की बटणं जिवंत होतात. बटण दाबूनही लागत नसेल तर आतल्या रबरावरचा काळा कार्बन झिजलेला असतो. तिसरी कॅसेटची फट. फॅमिकॉमच्या कॅसेटला साठ पिना असतात, आपल्या नकलाही साठवाल्या. अमेरिकेतल्या कॅसेटला बहात्तर. परदेशातल्या नातेवाइकाकडून कॅसेटा मागवण्याआधी एवढं ध्यानात ठेवलं तर पैसे वाचतात.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेली ती सवय आहे. फुंकर मारली की कॅसेट चालते असं वाटतं, कारण ती काढून पुन्हा घातल्याने पिना नव्याने टेकतात. फुंकरीतली वाफ मात्र पिनांवर राहते आणि काही पावसाळ्यांनंतर तिथे हिरवट गंज दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, वाळू द्या, मग लावा. डाग निघत नसेल तर शाळेतलं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. आपल्याकडचा मे महिना प्लास्टिकला वाकवतो आणि जुलै पिनांना खातो. पत्र्याखालच्या माळ्यावर काही ठेवायचं असेल तर निदान हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

खामगाव हे चांदीचं गाव. इथल्या बाजारात अस्सल-नकली हा प्रश्न रोजचा आहे, आणि माझ्या खोलीत येणारा जाणकारही तोच प्रश्न विचारतो. "हे सगळं डुप्लिकेट आहे. याला काय किंमत?" प्रश्न रास्त आहे. 'कॉन्ट्रा' कोनामीचा, 'बॅटल सिटी' नामकोचा, 'मारिओ' निन्टेंडोचा. नक्कल करणाऱ्यांनी या कंपन्यांना काही दिलं नाही, आणि ज्यांनी हे खेळ रचले त्यांची नावंही आपल्यापर्यंत पोचू दिली नाहीत. हे मी लपवत नाही, आणि कॅसेटच्या प्रती काढून विकतही नाही. पण चांदीचा कस लावून या वस्तूंची पारख होणार नाही. जपानी खोक्यातला अस्सल फॅमिकॉम जपणारे जगात पुष्कळ आहेत. उएमुरा स्वतः पुढे क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात व्हिडिओ गेमच्या अभ्यासकेंद्राचे प्रमुख झाले. अमेरिकेत रॉचेस्टरला द स्ट्राँग नावाचं खेळांचं मोठं संग्रहालय आहे. सैलानीच्या यात्रेत घेतलेला, झाकणावर चुकीच्या स्पेलिंगचं नाव असलेला गेम यांपैकी कुणी शोधत येणार नाही. तो इथेच जपला गेला तर राहील.

आणि तिकडेही सगळं आलबेल नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असं दिसलं, की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज दुकानातून रीतसर विकतच मिळत नाहीत. जिथे खोके, पावत्या, मासिकं सगळं आहे तिथे ही गत. मग ज्यांची पावतीच कधी झाली नाही, त्या वस्तूंची नोंद आपण नाही केली तर कोण करणार?

म्हणून माझ्या खोलीत यंत्रांइतकीच महत्त्वाची एक वही आहे. प्रत्येक गेमपुढे मी लिहितो: कोणत्या गावातून आला, पहिल्यांदा कुठे घेतला होता, घरात कोण खेळायचं, काय खेळायचं. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो, खोक्याचा फोटो, आणि कॅसेटच्या यादीचे सगळे पडदे. लेबलवर ९९९९९९ खेळ छापलेले असतात. यादी शेवटपर्यंत बघितली की खरे खेळ काही डझनच निघतात. बाकीचे तेच, फक्त सुरुवातीची पायरी किंवा जीव बदललेले. 'कॉन्ट्रा'त तीस जीव मिळवायला जगभरची पोरं बटणांचा एक ठरावीक क्रम पाठ करत. आपल्या पोरांना त्याची गरजच पडली नाही, कारण यादीतच एक ओळ तीस जीवांची असे. अशा बारकाव्यांतून आपलं खेळणं वेगळं कसं होतं ते उलगडतं.

या वहीने मला शिकवलेली सगळ्यांत मोठी गोष्ट लोडशेडिंगची आहे. २००५ नंतरच्या काही उन्हाळ्यांत आपल्या खेड्यांत अर्धा-अर्धा दिवस वीज नसे. या कॅसेटांत खेळ जिथे सोडला तिथून पुढे नेण्याची सोय नव्हती. लाइट गेली की सगळं पुसलं जायचं, आली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माझ्या वहीत 'कॉन्ट्रा'चं पहिलं जंगल झाडासकट सांगणारी माणसं पानोपानी आहेत. शेवटचा टप्पा पाहिलेली अगदी मोजकी, आणि त्यांतली बरीचशी शहरातल्या मामाकडे सुट्टीला गेलेली. 'रोड फायटर', 'सर्कस चार्ली', रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' हे खेळ जास्त लाडके झाले, कारण ते दोन भारनियमनांच्या मधल्या वेळात खेळून होत. इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात हे मिळेल? विजेच्या वेळापत्रकाने एका पिढीचा आवडता खेळ ठरवला, हे लोकांना विचारत गेलो म्हणून कळलं.

मोताळ्याकडून एक ताई आपला जुना गेम घेऊन आल्या. मला वाटलं, भावाचा असेल. विचारलं तर म्हणाल्या, "भावाचाच होता, पन खेळे माही माय. रातच्याले सारं आटपून बसे सर्कसवर. आमाले हातबी नाही लावू दे." आई आता नाही. गेम बंद होता, एक कंडेन्सर बदलून सुरू केला. रिंगणातून उडी मारणारा तो सिंह पडद्यावर आला तशा ताई खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ खेळल्या. यंत्र त्यांनी संग्रहाला देऊ केलं होतं, ते मी परत त्यांच्याच पिशवीत ठेवलं आणि वहीत फक्त नोंद केली. प्रत्येक वस्तू आपल्याच फळीवर यायला हवी असं नाही. ती कुठे आहे आणि चालते आहे, हे माहीत असणं हासुद्धा संग्रहच.

चालती ठेवण्यावर माझा एवढा भर का, असं काही जण विचारतात. पॅक खोका उघडायचा नाही, किंमत उतरते, असं ते ऐकून आलेले असतात. मी मेकॅनिक आहे. न वापरलेला कंडेन्सरही पडून-पडून सुकतो, रबर चिकट होतं, अ‍ॅडाप्टरच्या वायरीचं कव्हर तडकतं. वर्षातून काही वेळा करंट दिला, बटणं दाबली, तर दोष वेळीच दिसतो. आणि खेळ हा खेळला गेला तरच खेळ आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मागची खोली मी गल्लीतल्या पोरांना उघडी ठेवतो. मोबाइलवर वाढलेली ही पोरं पहिल्यांदा पडद्यालाच बोट लावतात. मग रिमोट हातात घेतात, आणि थोड्याच वेळात दोन पोरं एका टीव्हीपुढे बसून एकमेकांवर ओरडायला लागतात. एका पडद्यावर दोघांनी शेजारी बसून खेळणं त्यांना नवीन आहे आणि फार आवडतं.

सुरुवात करणाऱ्याने खर्चाला भिऊ नये. ऑनलाइन जुन्या गेमांच्या किमती फुगवलेल्या असतात, त्यांच्या मागे लागू नका. एक टीव्ही, एक यंत्र, एक कॅसेट, एक स्वस्तातला मीटर आणि एक वही, इतक्यावर संग्रह उभा राहतो. भंगारवाल्याशी ओळख ठेवा आणि वजनापेक्षा थोडं जास्त द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो फोडण्याआधी तुम्हाला विचारेल. माझ्याकडच्या कितीतरी वस्तू अशाच आल्या.

माळे रिकामे होतात ते दिवाळीच्या साफसफाईत, आणि या वस्तू सगळ्यांत जास्त जातात त्याही तेव्हाच. यंदा तुमच्या घरी माळा निघाला की वायरींच्या गुंत्यात एक पिवळी कॅसेट आहे का ते बघा. सापडली तर ती कुणी घेतली, कुठून घेतली, कोण खेळायचं हे घरातल्या मोठ्यांना विचारून त्याच दिवशी लिहून काढा. यंत्र बंद असेल तर जवळच्या टीव्ही मेकॅनिककडे न्या. आमच्यातले बरेच जण अजून टेबलावर आहेत, आणि हे काम आम्हाला येतं.